तलावाकाठी तेहतीस वर्षे

(संस्थेच्या वार्षिक पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



संस्थेच्या चिटणीसांनी मला ‘खेळ आणि शिक्षण’ या विषयावर चार शब्द बोलावयास सांगितले, तेव्हा प्रथम मी नाहीच म्हणालो. या विषयावरचे भाषण कसे असते ते आपणांस माझ्याइतकेच ठाऊक आहे. निरोगी शरीर, निरोगी मन, शिस्त, सांघिक भावना, आणि मग टाळ्या. असली भाषणे मी व्यायामशिक्षक म्हणून तीस वर्षे दिली. पालक ती शांतपणे ऐकत आणि दुसऱ्या दिवशी मुलाला मैदानावरून घरी घेऊन जात. म्हणून आज मी त्या वाटेला जाणार नाही. आज तुम्हांला एका माणसाची हकीकत सांगणार आहे. हा माणूस आपल्या देशातला नाही, आपल्या धर्माचा नाही, आपल्यापैकी बहुतेकांनी त्याचे नावही ऐकले नसेल. त्याचे नाव जेम्स काउन्सिलमन. अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठात १९५७ पासून १९९० पर्यंत, म्हणजे तेहतीस वर्षे, तो पोहण्याचा प्रशिक्षक होता. मुले त्याला ‘डॉक’ म्हणत, कारण तो डॉक्टरेट मिळविलेला माणूस होता.

पोहण्याच्या मास्तराला डॉक्टरेट कशाला हवी, असा प्रश्न तुमच्या मनात आला असेल. माझ्याही आला होता. त्याचे उत्तर पुढे येईल.

काउन्सिलमनचा जन्म २८ डिसेंबर १९२० चा. जन्मगाव अलाबामा राज्यातले बर्मिंगहॅम, पण तो वाढला सेंट लुईस शहरात. आईने एकटीने दोन मुलगे वाढविले, आणि तेही १९२९ नंतरच्या मंदीच्या काळात, जेव्हा धडधाकट पुरुषांनाही काम मिळत नव्हते. असे घर कसे चालते हे या सभागृहात बसलेल्या कित्येक मातांना मी सांगावयाची गरज नाही. ज्यांचे यजमान आखातात किंवा जहाजावर आहेत त्यांना तर मुळीच नाही. हे पोर पोहावयास शिकले ते शहरातल्या बागेत मासे वाढविण्यासाठी केलेल्या तळ्यात. आपल्याकडची मुले जशी पाठीला डबा किंवा सुका भोपळा बांधून विहिरीत उतरतात, तसाच प्रकार. संगमरवरी फरशीचा तलाव त्याच्या नशिबी बालपणी नव्हता.

आणि अभ्यासात? विद्यार्थी मित्रांनो, इकडे लक्ष द्या, पण फार खूश होऊ नका. शाळा संपली तेव्हा शंभरावर मुलांच्या वर्गात त्याचा क्रमांक शेवटच्या चार-पाचांत होता.

अशा मुलाचे आपण काय करतो? मी काय केले ते सांगतो, कारण दुसऱ्याच्या चुका सांगण्यापेक्षा ते बरे. १९८३ साली माझ्या शाळेत एका तांडेलाचा मुलगा होता. भरतीच्या वेळी खाडी ओलांडून पलीकडे जाऊन परत येई, आणि किनाऱ्यावर आल्यावर त्याला धापही लागलेली नसे. तसा पोहणारा मी नंतर पाहिला नाही. दहावीला इंग्रजी आणि गणित हे दोन विषय राहिले. निकालानंतर तो माझ्याकडे आला आणि विचारू लागला, “सर, ऑक्टोबरला बसू काय?” मी त्याच्या पाठीवर हात ठेवून मोठ्या प्रेमाने म्हणालो, “बाळा, अभ्यास हा तुझा प्रांत नव्हे. मामूंच्या ओळखीने जहाजावर लाग.” त्याने ऐकले. गेला. मला वाटले, मी व्यवहारी सल्ला दिला.

काउन्सिलमनला भेटलेला मास्तर माझ्यापेक्षा शहाणा निघाला. त्याचे नाव अर्नी व्हॉर्नब्रॉक, सेंट लुईसच्या वाय.एम.सी.ए.मधला पोहण्याचा शिक्षक. त्याने या मुलाला नुसते पाण्यात ठेवले नाही, तर कॉलेजात जा म्हणून मागे लागला. तेव्हा शाळा सोडून काही वर्षे लोटली होती. विशी ओलांडण्याच्या सुमारास हा ओहायो स्टेट विद्यापीठात दाखल झाला आणि १९४२ मध्ये ब्रेस्टस्ट्रोक प्रकारात राष्ट्रीय विजेता झाला. मग युद्ध आले. त्याने बी-२४ जातीचे बाँबफेकी विमान चालविले, एकदा युगोस्लाव्हियात मोडके विमान कसेबसे जमिनीवर उतरविले, आणि शौर्याबद्दल पदकही मिळविले. युद्ध संपल्यावर परत येऊन अर्धवट राहिलेले शिक्षण पुरे केले, मग इलिनॉय विद्यापीठाची पदव्युत्तर पदवी, मग आयोवा विद्यापीठाची डॉक्टरेट. वर्गात शेवटून चौथा-पाचवा आलेला मुलगा वयाच्या तिशीत डॉक्टर काउन्सिलमन झाला.

हे सारे मी वाचले ते २००४ साली, त्यांच्या निधनानंतर. त्यांचे ‘द सायन्स ऑफ स्विमिंग’ हे १९६८ चे पुस्तक माझ्याजवळ कितीतरी आधीपासून होते. रद्दीच्या दुकानातून घेतलेली, पाठचे पुठ्ठे गेलेली प्रत. पण त्यात लेखकाच्या शाळेतल्या क्रमांकाचा उल्लेख कशाला असेल? तो क्रमांक वाचला त्या रात्री मला त्या तांडेलाच्या मुलाची आठवण झाली. पुढे तो गावी आला असता मी मुद्दाम त्याच्या घरी गेलो आणि म्हणालो, तेव्हा मी तुला चुकीचे सांगितले. तो हसला. चहा मागविला. मग म्हणाला, “सर, तुमच्यावर माझा राग नाही. पण दुसऱ्या कुणी ‘बस’ म्हटले असते तर बसलो असतो.” एवढेच बोलला. त्यावर मला काही सुचले नाही.

असो. आपण तलावावर परत जाऊ.

१९५२ मध्ये काउन्सिलमन न्यूयॉर्क राज्यातील कॉर्टलंड येथील शिक्षक-प्रशिक्षण महाविद्यालयात रुजू झाले. शिक्षक तयार करणारे साधे महाविद्यालय. तेथे नामवंत खेळाडू येत नसत. तेथे त्यांना जॉर्ज ब्रीन नावाचा विद्यार्थी भेटला. सतरा वर्षांचा होईपर्यंत तो पोहण्याच्या एकाही शर्यतीत उतरला नव्हता. या खेळात सतरा म्हणजे उशीरच. त्या ब्रीनने १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये १५०० मीटरच्या प्राथमिक फेरीत १७ मिनिटे ५२.९ सेकंदांचा जागतिक विक्रम केला. अंतिम फेरीत मात्र तो तिसरा आला. विक्रम करूनही पदक काशाचे, हे दु:ख खेळाडूच जाणे. पण ज्याने पाच वर्षांपूर्वी स्पर्धा पाहिलीही नव्हती त्याच्यासाठी ते थोडे नव्हते. “आता फार उशीर झाला” हे आपले लाडके वाक्य आहे, पालकहो. मुलगा आठवीत गेला की आपण ते म्हणावयास लागतो.

१९५७ मध्ये ते इंडियाना विद्यापीठात आले, आणि १९५९ मध्ये त्यांच्या जोडीला सूर मारण्याचे प्रशिक्षक म्हणून होबी बिलिंग्जले आले. अमेरिकेच्या महाविद्यालयांत पोहणे आणि सूर मारणे यांचा संघ एकच असतो व दोहोंचे गुण एकत्र मोजतात. एक गोष्ट मला विशेष वाटते. बिलिंग्जले यांनाही मंदीच्या काळात आईनेच एकटीने वाढविले होते. दोन विधवासमान घरांतली दोन पोरे एका तलावाच्या दोन टोकांना उभी राहिली आणि तीस वर्षे एकमेकांशी जमवून घेतले. आपल्या संस्थांत दोन शिक्षक तीन वर्षे एका खोलीत बसले तर काय होते ते मी बोलत नाही.

आता डॉक्टरेटचे. त्या काळी पोहणे शिकविण्याची पद्धत अशी की विजेता जसे पोहतो तसे इतरांनी पोहावे. पण विजेता पाण्याखाली खरोखर काय करतो? त्याला विचारले तर तो म्हणे, मी हात सरळ मागे ओढतो. काउन्सिलमनने पाण्याखाली कॅमेरा नेला. पोहणाऱ्यांच्या हातांना छोटे दिवे बांधले, अंधारात पोहावयास लावले आणि छायाचित्रे घेतली. छायाचित्रात प्रकाशाची रेघ सरळ नव्हती, वळणावळणाची होती! ज्यांच्या हातून हे घडत होते त्यांनाच ते माहीत नव्हते. यावरून १९७० च्या सुमारास त्यांनी असा सिद्धान्त मांडला की पोहणारा पाणी नुसते मागे ढकलत नाही. त्याचा तळवा जहाजाच्या पंख्याप्रमाणे तिरपा फिरतो आणि त्यातून पुढे नेणारा जोर उत्पन्न होतो. जगभर प्रशिक्षकांनी तसे शिकविण्यास आरंभ केला. मीही आमच्या खाडीत मुलांना हात वळवा, वळवा, म्हणून ओरडत असे.

पुढे संशोधन झाले, मोजण्याची साधने सुधारली, आणि असे दिसून आले की पंख्याचा वाटा त्यांनी समजला त्यापेक्षा कमी आहे. तळव्याने पाणी मागे ढकलणे हेच मुख्य काम होय. म्हणजे डॉक यांचा सिद्धान्त बराचसा मागे पडला. मग त्यांचे मोठेपण कमी झाले काय? मला तसे वाटत नाही. त्यांचा सिद्धान्त खोडण्यासाठी ज्यांनी प्रयोग केले ते प्रयोग करावयास त्यांच्याच रीतीने शिकले होते. ‘गुरुजी म्हणतात म्हणून’ ही गोष्ट पोहण्याच्या तलावावरून ज्यांनी हद्दपार केली त्यांत हे अग्रभागी होते.

त्यांची दुसरी गोष्ट आपल्यासारख्या गरीब शाळांच्या अधिक उपयोगाची आहे. तलावाच्या भिंतीवर एक मोठे घड्याळ लावावे, त्यात सेकंदाचा लांब काटा फिरत असावा, आणि प्रत्येक मुलाने निघताना व पोहोचताना त्याकडे पाहून आपली वेळ आपणच मोजावी. इतकी साधी युक्ती. ही घड्याळे तलावांवर रूढ होण्यात काउन्सिलमनचा मोठा वाटा आहे. विचार करा, चाळीस मुले, प्रशिक्षक एक, हातातले घड्याळ एक. पूर्वी एकाची वेळ घेईपर्यंत एकोणचाळीस जण गप्पा मारीत उभे राहत. आता चाळीसही जण एकदम सराव करू लागले, आणि मुख्य म्हणजे मुलगा स्वत:चा हिशेब स्वत: ठेवावयास शिकला. सरावाची रीतही त्यांनी बदलली. संथपणे मैलोगणती पोहण्याऐवजी थोडे अंतर वेगाने, मग मोजून काही सेकंद विश्रांती, पुन्हा तेच अंतर, असे वीस-तीस वेळा. ही पद्धत धावण्याच्या खेळात आधीपासून होती. पाण्यात तिचा शास्त्रशुद्ध वापर करणाऱ्यांत हे पुढे होते. माझ्याजवळ घड्याळ नव्हते म्हणून मी शाळेची घंटा नेऊन ठोकीत असे. मुख्याध्यापकांनी एकदा पकडले.

एका बाबतीत मात्र माझे त्यांच्याशी जमत नाही. सरावात शरीराला होणाऱ्या त्रासाच्या ते पायऱ्या सांगत: आधी त्रास, मग वेदना, मग यातना. आणि जो यातनेच्या पायरीपर्यंत जातो तोच विजेता, असे त्यांचे म्हणणे. मोठ्या वयाच्या, स्वत:हून आलेल्या मुलांना हे लागू असेल. बारा वर्षांच्या पोराला हे सांगू नये. त्याला पाण्याची गोडी लागावी एवढेच पाहावे. गंमत अशी की हाच कडक माणूस चांगला पोहलेल्या मुलाला बक्षीस म्हणून काय देई? रंगीत गोळ्या. लहान मुले खातात त्या साखरेच्या गोळ्या. आणि सहा फुटी, दाढी-मिशांची पोरे त्या मूठभर गोळ्यांसाठी जीव टाकून पोहत!

आता जी गोष्ट सांगतो ती मी नेहमी माझ्या विद्यार्थ्यांना सांगत असे. १९६० साली इंडियाना विद्यापीठावर शिक्षा झाली. कारण फुटबॉलचे. फुटबॉलसाठी खेळाडू मिळविताना नियम मोडले म्हणून महाविद्यालयीन खेळांच्या राष्ट्रीय नियामक मंडळाने त्या विद्यापीठाच्या सर्वच संघांना चार वर्षे राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेची दारे बंद केली. पोहणाऱ्यांचा यात काडीचा दोष नव्हता. आणि नेमकी हीच ती वर्षे की जेव्हा डॉक यांचा संघ देशात कदाचित सर्वांत बलवान होता. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये त्यांच्या माइक ट्रॉयने २०० मीटर बटरफ्लायचे सुवर्णपदक जिंकले. चेट जॅस्ट्रेम्स्की नावाच्या ठेंगण्या मुलाने १९६१ च्या एकाच हंगामात १०० मीटर ब्रेस्टस्ट्रोकचा जागतिक विक्रम पुन:पुन्हा मोडून १ मिनिट ११.४ सेकंदांवरून १ मिनिट ७.५ सेकंदांपर्यंत खाली आणला. असे पोहणारे हाताशी, आणि आपल्या देशाच्या महाविद्यालयांचे अजिंक्यपद मात्र त्यांना निषिद्ध.

दुसऱ्याने केलेल्या दोषाची शिक्षा आपण भोगणे म्हणजे काय, हे आपल्या समाजाला समजावून सांगावे लागत नाही. अशा वेळी दोन मार्ग असतात. एक, रुसून बसावे. तेही चुकीचे नव्हे, मनुष्यस्वभावच आहे. काउन्सिलमनच्या संघाने दुसरा धरला. जी स्पर्धा खुली होती तीत ते उतरत राहिले. महाविद्यालयांची नाही तर खुली राष्ट्रीय स्पर्धा. ती नाही तर आपल्या विभागाची. ‘बिग टेन’ नावाच्या त्यांच्या विभागीय स्पर्धेत १९६१ पासून १९८० पर्यंत सलग वीस वर्षे त्यांनी अजिंक्यपद दुसऱ्या कुणाला दिले नाही. राष्ट्रीय महाविद्यालयीन अजिंक्यपद त्यांना अखेर १९६८ मध्ये मिळाले, आणि मग १९७३ पर्यंत सलग सहा वेळा. पण जॅस्ट्रेम्स्कीची चार वर्षे गेली ती गेलीच, ती कुणी परत दिली नाहीत. त्याला १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये एक ब्राँझपदक मिळाले. आणि तो त्याच विद्यापीठात वैद्यक शिकून डॉक्टर झाला, त्याच ब्लूमिंग्टन गावी त्याने दवाखाना चालविला. पालकहो, हे शेवटचे वाक्य मी पुन्हा म्हणू काय? जगातला सर्वांत वेगवान ब्रेस्टस्ट्रोक पोहणारा डॉक्टर झाला. त्याच संघातला गॅरी हॉल तीन ऑलिंपिक खेळला, १९७६ मध्ये आपल्या देशाचा ध्वज घेऊन संचलनात पुढे चालला, आणि नेत्रशल्यतज्ज्ञ झाला. पोहल्याने अभ्यास बुडतो हे कुणी शोधून काढले, मला ठाऊक नाही. मोबाइलने बुडतो तो आपल्याला चालतो.

मार्क स्पिट्झविषयी थोडक्यात सांगतो, कारण त्याच्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकपूर्वी या अठरा वर्षांच्या मुलाने सहा सुवर्णपदकांची भाषा केली. मिळाली दोन, तीही सांघिक शर्यतींत, आणि २०० मीटर बटरफ्लायच्या अंतिम फेरीत तो चक्क शेवटचा आला. वर्तमानपत्रांनी व्हायची ती टवाळी केली. असा हिरमुसलेला मुलगा डॉक यांच्याकडे इंडियानाला आला, तेथे चार वर्षे राहिला, आणि १९७२ मध्ये म्युनिकला सात शर्यतींत सात सुवर्णपदके व सातही वेळा जागतिक विक्रम. त्या ऑलिंपिकला अमेरिकन संघाचे मुख्य प्रशिक्षक काउन्सिलमन नव्हते, आणि स्पिट्झला लहानपणापासून घडविणारे गुरूही वेगळे होते, हे सांगितले पाहिजे. सगळे श्रेय एकाला देणे ही भाषणात सोपी गोष्ट असते. काउन्सिलमन स्वत: १९६४ आणि १९७६ या दोन ऑलिंपिकना अमेरिकेच्या पुरुष संघाचे मुख्य प्रशिक्षक होते. १९७६ च्या माँट्रिऑलमध्ये पुरुषांच्या तेरा शर्यतींपैकी बारा त्यांच्या संघाने जिंकल्या. एकच, २०० मीटर ब्रेस्टस्ट्रोक, ब्रिटनच्या डेव्हिड विल्कीने नेली. त्याच वेळी इंडियानाचा जिम माँटगोमेरी १०० मीटर फ्रीस्टाइल पन्नास सेकंदांच्या आत पोहणारा जगातला पहिला माणूस ठरला. वेळ ४९.९९. एक शतांश सेकंद! डोळ्याची पापणी लवण्यास याहून कितीतरी जास्त वेळ लागतो.

आता तलावाच्या दुसऱ्या टोकाला जाऊ, जेथे बिलिंग्जले उभे असत.

सूर मारणे ही कला आहे असे आपण समजतो. बिलिंग्जले म्हणत, आधी ते पदार्थविज्ञान आहे. पाय फळीवरून सुटले की शरीराचा गुरुत्वमध्य हवेत कोणत्या मार्गाने जाणार हे ठरून गेले. आता हातपाय कितीही झाडा, तो मार्ग बदलत नाही. गुडघे छातीशी घेतले की गिरकी वेगाने फिरते, अंग ताणले की मंदावते. म्हणजे जे काही करावयाचे ते फळीवर असतानाच. विज्ञान शिकविणाऱ्या आमच्या शिक्षकांना माझी विनंती आहे, न्यूटनचे नियम शिकविताना मुलांना एकदा धक्क्यावर घेऊन चला. आमच्याकडची पोरे भरतीच्या वेळी धक्क्यावरून कोलांट्या मारतात. ती न्यूटनचे तिन्ही नियम दररोज संध्याकाळी पाळतात, आणि परीक्षेत त्याच प्रश्नाला शून्य घेतात.

बिलिंग्जले यांच्या हाताखालचा केन सिट्झबर्गर १९६४ मध्ये टोकियोला स्प्रिंगबोर्डचा विजेता झाला. मुलींमध्ये सिंथिया पॉटर. हिच्याविषयी मुलींच्या आयांना मुद्दाम सांगतो. ती इंडियानाला आली तेव्हा अमेरिकेतदेखील महाविद्यालये मुलींच्या खेळावर फारसा पैसा खर्च करीत नसत; शिक्षणसंस्थांत मुलगा-मुलगी भेद करू नये असा कायदा तेथे १९७२ मध्ये झाला. म्हणजे अमेरिकेतही मुलींना हे आपोआप मिळालेले नाही. पॉटरने अठ्ठावीस राष्ट्रीय अजिंक्यपदे मिळविली आणि १९७६ मध्ये ऑलिंपिकचे ब्राँझपदक. आमच्या मुली पोहल्या पाहिजेत की नाही, त्यांची वेळ वेगळी असावी काय, शिकविणारी बाई असावी काय, पोशाख कोणता असावा, हे प्रश्न आपण बसून सोडवू. ते सुटण्यासारखे आहेत. पावसाळ्यात होडी उलटते तेव्हा पाणी मुलगा-मुलगी पाहत नाही.

आणि मार्क लेंझी. याची गोष्ट वडिलांसाठी. हा मुलगा शाळेत कुस्ती खेळे आणि चांगली खेळे. कुस्तीच्या जोरावर त्याला कॉलेजची शिष्यवृत्ती मिळेल असा वडिलांना भरवसा. १९८४ मध्ये त्याने दूरचित्रवाणीवर ग्रेग लुगॅनिसला ऑलिंपिकमध्ये सूर मारताना पाहिले आणि ठरविले की आपण कुस्ती सोडून हेच करावयाचे. वय सोळा. वडील संतापले. हातातली शिष्यवृत्ती हा मूर्ख मुलगा पाण्यात घालतो आहे! भांडण इतके झाले की मुलगा काही दिवस घर सोडून गेला. त्या वडिलांना मी नावे ठेवणार नाही. त्यांच्या जागी मी असतो तर मीही हेच केले असते, आणि मी तर व्यायामशिक्षक! पुढे बिलिंग्जले यांनी त्या मुलाला हेरले आणि इंडियानात घेतले. शिष्यवृत्ती मिळाली ती सूर मारण्याची. १९९२ मध्ये बार्सिलोना येथे लेंझीने स्प्रिंगबोर्डचे सुवर्णपदक जिंकले. बिलिंग्जले १९८९ मध्येच निवृत्त झाले होते आणि लेंझी दुसऱ्या प्रशिक्षकाकडे होता, पण दार उघडले ते बिलिंग्जले यांनी. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये सर्व पंचांच्या वतीने नि:पक्षपातीपणाची शपथ घेण्याचा मान याच बिलिंग्जले यांना मिळाला. २०२२ मध्ये ते गेले.

काउन्सिलमनची एक गोष्ट उरली. १९७९ च्या सप्टेंबरात हे गृहस्थ, वय अठ्ठावन्न, पोट थोडे सुटलेले, इंग्लंडच्या किनाऱ्यावर अंगाला चरबी फासून उभे राहिले आणि इंग्लिश खाडीत शिरले. सरळ अंतर सुमारे तेहतीस किलोमीटर, पण प्रवाह माणसाला सरळ जाऊ देत नाही. पाणी इतके गार की आपल्याकडच्या माणसाचे दात वाजतील. तेरा तास सात मिनिटांनी ते फ्रान्सला पोहोचले. तोपर्यंत त्या वयाच्या कुणी ही खाडी पार केली नव्हती. (या खाडीशी आपलाही थोडा अभिमान जडलेला असावा: १९५० मध्ये तेथे झालेल्या मोठ्या शर्यतीत इजिप्तचा हसन अब्देल रहीम पहिला आला होता, आणि १९५८ मध्ये आपला मिहिर सेन ती ओलांडून गेला.) तीस वर्षे काठावर उभे राहून मुलांना ‘आणखी, आणखी’ म्हणणाऱ्या माणसाने स्वत: पाण्यात उतरून दाखविले. त्यानंतरच्या वर्षांत त्यांना कंपवाताने गाठले. ज्या हातांनी विमान चालविले आणि खाडी कापली ते हात थरथरू लागले. तशाही स्थितीत ते १९९० पर्यंत कामावर होते. ४ जानेवारी २००४ रोजी ब्लूमिंग्टन येथे त्यांचे देहावसान झाले. इंडियाना विद्यापीठाच्या आजच्या तलावाला काउन्सिलमन आणि बिलिंग्जले अशी दोघांचीही नावे जोडून दिलेली आहेत.

आपल्या संस्थेकडे तलाव नाही. पुढील वीस वर्षांत होईल असेही मला वाटत नाही, आणि देणगीदारांनी एवढ्यासाठी मान खाली घालावयाची गरज नाही, कारण आपल्याकडे खाडी आहे. चिटणीससाहेबांची परवानगी घेऊन सांगतो: एप्रिलमध्ये परीक्षा संपल्या की रविवारी सकाळी, भरतीची वेळ पाहून, जुन्या धक्क्याजवळ पोहण्याचा वर्ग सुरू होईल. ओहोटीत कुणीही पाण्यात उतरावयाचे नाही, हा पहिला नियम. दोन होड्या आणि चार जाणती माणसे सतत पाण्यात राहतील. मुलींचा वर्ग वेगळ्या वेळी, आणि त्यासाठी शिकविणाऱ्या एका भगिनी पुण्याहून यावयास तयार आहेत. त्यांच्या राहण्याची सोय कुणा घरी होऊ शकेल तर मला सभेनंतर भेटावे. घड्याळासाठी एका जुन्या विद्यार्थ्याने पैसे दिले आहेत. ज्याला मी १९८३ मध्ये जहाजावर पाठविले, तोच तो. चार होडीवाल्यांपैकीही एक तो आहे.

ज्या मुलांचे दहावीला विषय राहिले आहेत त्यांनी पोहण्याच्या वर्गाला जरूर यावे. मात्र येताना फेरपरीक्षेचा भरलेला अर्ज बरोबर आणावा. अर्ज नाही तर पाणी नाही. अर्ज भरण्याचे शुल्क ज्याला जड जाईल त्याने मला एकट्याला गाठून सांगावे, चारचौघांत सांगू नये.